तोंडावर बोट

नाखोदमध्ये, पुलापलीकडे, हिनेक अकॉर्डियन दुरुस्त करतो.
त्याची वेबसाइट मी केली.
एक फॉर्म: नाव, ईमेल, 'काय बिघडलंय?'
आणि खाली बटण.

एका सोमवारी बटणावर उगवली ताकीद:
मेल सर्व्हरशी संपर्क नाही, ओळ सत्तेचाळीस.
सोबत आमच्या फोल्डरांची नावं, उघडीवाघडी,
दोरीवर वाळत घातलेल्या बनियनांसारखी.
हिनेकचा फोन: "ते काढ बाई. गिऱ्हाईक बिचकतं."

काढलं. एकच चिन्ह लागलं,
मेल पाठवणाऱ्या शब्दाच्या आधी: @
आमच्या भाषेत त्याचं नाव
व्हिनेगरात मुरवलेल्या हेरिंगची वळकटी.
पत्त्याच्या मधोमध असली की सांगते
कुठे जायचं.
शब्दाच्या आधी बसली की
हाताची घडी, तोंडावर बोट.

पान स्वच्छ झालं.
'धन्यवाद, तुमचा निरोप पोचला.'
हे वाक्य माझंच,
आणि निरोप पोचला का हे न विचारता
ते छापायचं, हेही माझंच.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला.
हिनेक बिअरच्या टेबलाशी म्हणाला,
लोकांनी वाजवणंच सोडलं बहुतेक.
पितळी पट्ट्यांचे डबे विकायला काढले होते त्याने.
मी म्हटलं, दिवसच तसे आलेत.
ग्लासावरचा फेस पुसत होते तेव्हा.

मग द्राहोमीरा नावाची बाई आली,
बर्फातून, दोन बस बदलून, पाठीवर वाद्य.
दारातच म्हणाली,
तीनदा लिहिलं, तीनदा धन्यवाद आलं.
मला वाटलं, तुम्ही गेलात.

त्या रात्री वळकटी उचलली.
पडद्यावरची ताकीद आता लॉगमध्ये जाते,
ती रोज सकाळी मी वाचते.
मेल गेला नाही तर पान तसं सांगतं,
खाली हिनेकचा फोन नंबर.
होस्टिंगवाल्यांनी पोर्ट बदललं होतं, एवढंच.
चार मिनिटांचं काम.

आज हिनेक द्राहोमीराचं वाद्य कानाशी धरतो,
एकही कळ न दाबता भाता ओढतो.
कुठेतरी बारीक फुस्स.
"इथे," म्हणतो, एकदम खूश.
मग भात्यावर बोट तसंच ठेवून विचारतो,
मधल्या काळात किती निरोप गेले गं वाया?

कुठेच साठलेले नाहीत ते.
थोडेच असतील, मी म्हणते.