वरच्या तळ्यातलं बेट

पहाटे पाचला वडिलांनी घोड्यावर ओझं लादलं:
पनीर, काकड्या, मक्याची भाकर.
मग घोड्याचा मागचा पाय उचलून पाहिला,
काही न बोलता ओझं उतरवलं,
आणि पिशवी आपल्याच खांद्याला लावली.
गुडघ्याचं काय, मी विचारलं.
"तो बोलतच असतो. ऐकायचं कोणी?"

ओतिया, वय एकोणसत्तर. स्वानेतीबाहेर
दोनदाच गेलेले:
एकदा सैन्यात, एकदा माझ्या लग्नाला.

गावचे दगडी मनोरे खाली जात जात
मिठाच्या खड्यांएवढे झाले.
बर्च संपले. मग झाडंच संपली,
आणि गवत माझ्या ग्वांत्साच्या कमरेला लागलं.
ती फुलांची नावं विचारत सुटली.
मला शाळेतली दोन-तीन येतात, जेन्शियन, बटरकप.
त्यांच्याकडे होती ती अशी:
हे खाल्लं की लोणी पिवळं होतं.
हे गाय हुंगते आणि सोडून देते.
हे वाळून खुळखुळायला लागलं की विळे काढायचे.
आणि हे?
"ह्याला काही नाही. हे नुसतं असतं."
नुसतं असतं, नुसतं असतं,
पोरगी पुढे पळत म्हणत राहिली,
तिच्या मोज्यांना पिवळी पूड.

लहानपणी जेवत नसले की
मला हेच तळं भरवायचे:
काळं पाणी, मधोमध बेट,
बेटावर एकच पाइन, वाऱ्याकडे पाठ केलेला.
मी त्या पाइनसाठी किती घास गिळलेत.

एका सपाट खडकाशी ते थांबले.
खडकाला मध्ये खोलगा, बसून बसून झालेला.
"आता तुम्ही जा. मी इथवरच."
गुडघा?
"गुडघा नाही. मी नेहमी इथवरच.
गुरं इथून पुढे जात नाहीत, वर गवत नाही.
गुरं सोडून मी कसा जाणार होतो?"
चाळीस उन्हाळे.
मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काकडी सोलत होते.

शेवटचा चढ नुसता दगडगोटा,
पण दगडांच्या फटीफटीत निळं,
इतकं निळं की पाऊल कुठे टाकावं कळेना.
आणि मग तळं.
लहान. हिरवट. एका काठाला मळका बर्फ,
उन्हात ठिबकणारा.
बेट नव्हतं. पाइन तर नव्हताच.
ग्वांत्साने बूट काढले, पाय घातले, किंचाळली,
पुन्हा घातले.
मी बाटलीत पाणी भरून घेतलं. का, माहीत नाही.

उतरताना ढग आला आणि सगळी निळी फुलं
एकाएकी मिटली,
कुणी मोठं माणूस खोलीत आल्यासारखी.

वडिलांनी बाटली उन्हात धरली, प्यायले नाहीत.
"कसं आहे?"
लहान आहे, म्हटलं. बेट नाही.
ते हसले, दात नसलेल्या बाजूने.
"बेट माझं होतं. गोष्ट फार लवकर संपायची,
आणि तुझ्या ताटात अर्धी भाकर उरलेली असायची."

"होतं की बेट," ग्वांत्सा म्हणाली,
"बर्फाचा तुकडा सुटून मध्ये गेला होता,
त्यावर एक पक्षी होता. आईने पाहिलं नाही,
ती बाटली भरत होती."

वडील तिच्याकडे बघत राहिले.
मग सगळी पिशवी उपसून
उरलेलं पनीर तिच्या हातावर ठेवलं,
आणि खाली गाव दिसेपर्यंत
दोघांनी मला बोलण्यात घेतलंच नाही:
पक्षी केवढा होता,
तोंड कुठल्या दिशेला होतं,
वाऱ्याकडे पाठ होती का.