नग एकेचाळीस-अ

न्हावाशेव्याहून कंटेनर आला तेव्हा
तुर्भ्याच्या हवेत मसाला मार्केटचा ठसका होता.
दार उघडलं, तर आतून दुसरीच हवा आली,
ओल्या लोकरीची, मेणाची,
फार दिवस कुणी न बोललेल्या दिवाणखान्याची.

माझं काम यादीचं.
नग, माप, स्थिती, शेरा.
शेठ म्हणाले, मोकाशीबाई, त्यांची इंग्लिश यादी आहेच,
गोडाऊनच्या पोरांना कळेल अशी एक आपली करा.

नग सात. अर्धा पलंग. हात एकच, तोही डावीकडे.
नग बारा. शेकोटीपुढे धरायचा पडदा, खांबावर बसवलेला,
त्यावर भरतकामाचा पोपट.
बायकांच्या गालावरचं मेण वितळू नये म्हणून,
असं त्यांच्या यादीत.
बाहेर एकोणचाळीस डिग्री.
पत्र्याखाली आम्ही सगळेच वितळत होतो,
पोपट तेवढा कोरडा.

नग एकोणीस. घड्याळ, बंद.
वर सोनेरी म्हातारा, पाठीला पंख, हातात विळा.
पोरं म्हणाली, भातकापणीला चाललाय.
मी तसंच लिहिलं.

नग सव्वीस. बाईचं चित्र, तैलरंग, नाव अज्ञात.
ही आधीच विकली गेलेली.
पाम बीच रोडवरच्या एका जिन्याला पूर्वज हवे होते.
फोनवर विचारून घेतलं त्यांनी, रुंदी किती, सोनेरी किती.
तोवर ती भिंतीकडे तोंड करून उभी
आणि पाठीवर लिलावाचा आकडा, खडूनं.
तिच्या चेहऱ्यापेक्षा तोच मला ओळखीचा.
आमच्या कपाटावर बँकेच्या माणसानं
अस्साच लिहिला होता, कोपरीला,
मी नववीत.

नग एकेचाळीस. लिहायचं टेबल.
खंडू पांचाळ ऐरोलीहून सायकलनं येतात, पॉलिशला.
त्यांनी बोटानं वाजवलं, आतून नखानं खरवडलं,
नख नाकाशी नेलं.
शिसवी, म्हणाले. आपल्याकडचं.
एवढंच.
जणू गावचं कुणी परक्या स्टँडवर दिसावं,
बोलायला विषय नसावा,
नुसती मान हलवावी.

खाडीच्या हवेनं आठ दिवसांत ड्रॉवर फुगले.
एक तर निघेचना.
पांचाळांनी खालून हात घातला,
कुठली तरी लाकडी जीभ दाबली गेली
आणि टेबलानं, कुणी विचारलं नसताना,
मागचा इवलासा कप्पा पुढे केला.

आत कागदाची पुडी.
पुडीत तीन दात, दुधाचे.
एकाला किडीचा काळा ठिपका.
कागदावर नाव असावं,
शेपटीवालं एक अक्षर तेवढं शिल्लक.

नग एकेचाळीस-अ, मी लिहिलं.
दात, लहान मुलाचे, तीन.
स्थिती: पडलेले.
किमतीच्या रकान्यात पेन नुसतंच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका झाला.

शेठ म्हणाले, टाकून द्या, गिऱ्हाईक बिचकेल.

टाकायचेच होते.
पण पांचाळ हातात पुडी घेऊन उभे,
बाई, कौलं कुठं आहेत इथं?
मग गोडाऊनमागे गेलो, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून,
आणि त्यांनी एकेक दात पत्र्यावर भिरकावला.
ओठांतल्या ओठांत तेच म्हणाले, जे माझी आई म्हणायची:
उंदरा, जुना घे, नवा दे.

टिण्ण.
टिण्ण.
तिसऱ्याचा आवाज आला नाही.
आम्ही थांबलो जरा, मान वर करून.

पोराला नवे आले असतील केव्हाच.
त्या दातांनी त्यानं काय काय चावलं असेल,
कुणाकुणावर खाल्ले असतील,
आणि तेही मग मातीत.
पांचाळ म्हणाले, मागायचं राहिलं होतं, मागून टाकलं.

आत येऊन मी ओळ खोडली.
यादीत आता एकेचाळीसनंतर थेट बेचाळीस:
चांदीचं शमादान, जोडीतलं एक.
दुसऱ्याबद्दल कागदपत्रांत काही नाही.