बारा मैदानी

कंपूत, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर.
चादरीखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, त्या टेकड्या.
निळी रिबन म्हणजे आसन नदी.
साल अठराशे अठ्ठ्याण्णव,
पण आपलं नव्हे.
या सालात एकोणतीस डिसेंबर त्रेचाळीस उलटा गेलाय:
महाराजपूरला आपण हरलो नाही.
(गोलंदाज तर खऱ्या लढाईतही हटले नव्हते,
तोफेपाशीच मेले.)
आणि आता दरबार अमेरिकेकडून तोफा मागवतो.

कुठल्या?
तीन महिने एवढंच चाललंय.
डॉक्टर पोतनीस, नई सडकेवर दात काढतात,
इंग्रजांकडून नेहमी तेच खेळतात.
म्हणतात, स्थळं बघतोयस का, कर की एक पसंत.

तीन पूर्णांक दोन इंची, पंच्याऐंशीचा नमुना.
पोलादी, मागून भरायची, दिसायला सोज्वळ.
दारू मात्र काळीच; एक बार, की पुढचं काही दिसत नाही.
धक्का गिळायची सोय नाही.
दर बाराला गाडा मागे पळतो,
माणसांनी पुन्हा ढकलत जागेवर आणायचा.
आम्ही नियम केला: दुसऱ्या फेरीला एक फासा कमी.
मला हे आवडतं,
आपल्याच बोलण्यानं मागे सरणारं काहीतरी.

गॅटलिंग.
दहा नळ्या, बाजूला दांडा,
उसाच्या चरकासारखा फिरवायचा.
फाशावर एक पडला तर अडकली.
माझ्या हातून एकच पडतो.

डायनामाइटची एक आहे, वाऱ्यावर गोळा फेकते,
आवाज म्हणे खोकल्याएवढा.
'ही तुझीच,' पोतनीस म्हणाले.

मग ती छोटी, हॉचकिसची, डोंगरी.
दोन खेचरांवर मावते.
चंबळच्या बेहडात चालली तर हीच चालणार.
नळी हजिऱ्याच्या इस्माईलभाईंनी लेथवर कातली, पितळेची,
भोक पोतनीसांनी दातांच्या ड्रिलनं पाडलं,
चाकं आमच्या मामांच्या मनगटी घड्याळातली.
इस्माईलभाई म्हणाले, 'इससे मरेगा कौन, चींटी?'
इतकं सुबक मी आजवर काही केलेलं नाही.

नळीचा रंग नेमका कसा, ते शोधायला बसलो
आणि रंग राहिला बाजूला.
नव्वद साल. एका गोठलेल्या ओढ्यावरची टेकडी.
टेकडीवर अशा चार.
खाली लकोटांचे तंबू,
तंबूंत बायका, पोरं, शरण आलेली माणसं.
तारीख डिसेंबरची एकोणतीस.

मी तारीख पुन्हा वाचली.
पाणी प्यायलो. पुन्हा वाचली.

आमच्या नियमांत घोड्याला गुण आहेत, पुलाला आहेत,
दारूगोळ्याच्या गाड्याला तर बरेच.
तंबूला नाहीत. तंबू म्हणजे सजावट,
रुमालाचा तुकडा आणि चार काड्या.

छोटीला कापसात गुंडाळून डब्यात ठेवलं.
पोतनीसांनी विचारलं नाही.
इंग्रजांकडून खेळतात ते,
त्यांच्याकडे असा डबा असणारच. कदाचित कपाट.

तर ठरली तीन पूर्णांक दोन.
पसंती म्हणायची तर म्हणा.
रोज रात्री एक रंगवली:
गाडा फिका हिरवट, नळी काळी, आरे मोजून चौदा.
आता मांडायच्या किती?
या सालात तह झालेलाच नाही.
वीस मांडा, चाळीस मांडा, खजिना कागदी,
वरून रेसिडेंटसाहेब यायचे नाहीत मोजायला.

बारा झाल्या आणि हात थांबला.

चव्वेचाळीसच्या तहात होतं:
मैदानी तोफा बारा, गोलंदाज दोनशे.
कधीतरी वाचलेलं. विसरलो असं वाटत होतं.

पोतनीस खुर्ची ओढून बसले. ओळ मोजली.
'तेरावी?'
'गोंद संपलाय,' मी म्हटलं.

त्यांनी ट्यूब उचलली,
दोन बोटांत दाबून बघितली,
होती तिथे ठेवली,
आणि फासे माझ्याकडे सरकवले.