बारा निवडायचे आहेत

छापखान्याला शुक्रवारपर्यंत बारा फोटो हवेत,
भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी, महिन्याला एक.
माझ्याकडे आहेत अकरा हजार चारशे सहा
आणि चहाचा तिसरा कप.
बिश्केकमधल्या या चौथ्या मजल्यावर हीटर खडखडतो.
खिडकीबाहेर कोळशाच्या धुराने
अला-तूचे डोंगर पुसून टाकलेत.
मी पडद्यावर तेच डोंगर उघडते.

जानेवारी. सोन-कुलचा घाट बंद,
म्हणून नारीनच्या अलीकडेच मुक्काम.
उणे एकोणतीस. बॅटऱ्या काखेत धरून
मी रात्रभर बसले होते
खुडूक कोंबडीसारखी.
नदीवर बर्फ, बर्फाखाली काहीतरी निळं चाललेलं.
फोटो चांगला आलाय.
त्यात ऐकू येत नाही तो जिरगलचा खोकला.
इंजिन गोठू नये म्हणून दर अर्ध्या तासाने
तो उठायचा, गाडी सुरू करायचा, बंद करायचा,
आणि सकाळी म्हणाला, ‘झोप छान लागली.’

फेब्रुवारीतले सगळेच टाकाऊ.
फेब्रुवारीत मी काही पाहिलं नाही,
नुसते फोटो काढले.

मार्च. नुकतंच वितळलेलं कुरण,
चिखलात मेंढ्यांच्या खुरांचे ठसे,
ठशांत पाणी, आणि तेवढ्याशा पाण्यातही
ज्याच्या त्याच्या वाट्याचं आभाळ.
हा घ्यायचाच.
पण उजव्या कोपऱ्यात एक लांबलचक सावली,
कानटोपीसकट.
मी तेव्हा खेकसले होते, ‘बाजूला हो ना, प्रकाश चाललाय!’
जिरगल लगेच सरकला.
पण उतरत्या उन्हात माणूस सरकला तरी
सावलीला निघायला वेळ लागतो.
दोन क्लिकमध्ये पुसली.
परत आणली.
पुसली.
राहू दे, नंतर बघू.

एप्रिल, मे पटकन झाले. फुलं स्वतःच निवडून देतात.

जून. उंचावरचं कुरण, सायकालचा तंबू.
ती घोडीचं दूध काढत होती, मान वर न करता म्हणाली,
‘डोंगराचे कसले फोटो काढतेस? तो कुठं पळून जाणार आहे?
हिचा काढ. थंडीच्या आत विकायची आहे.’
घोडी एक क्षण उभी राहीना.
सात वेळा शटर दाबलं.
सहांत नुसती तपकिरी धूळधाण,
सातव्यात एक कान,
आणि कानामागे गवत, तेवढं मात्र लख्ख.
‘पाठवते,’ म्हणाले होते.
पत्ता विचारला तर तिने हात केला,
‘खाली गावात, पुलानंतरचं दुसरं घर, निळं दार.
कुणालाही विचार.’

ऑगस्टला मी आजारी.

सप्टेंबरात परत गेलो तेव्हा तंबू उतरवणं चाललं होतं.
खुंटाला दोर तसाच, घोडी नव्हती.
फोटोचं तिने विचारलं नाही.
माझ्या खिशांत मूठमूठ कुरुत कोंबलं,
खारट, वाळक्या दह्याच्या गोळ्या.
लेन्सच्या पिशवीला अजून तो वास आहे.

ऑक्टोबरच्या फोटोला बक्षीस मिळालं.
अंधाऱ्या दरीत प्रकाशाचा एकच पट्टा,
बरोबर एका मेंढपाळावर.
लोक विचारतात, त्या क्षणासाठी किती थांबलात?
मी नुसती हसते.
टायर पंक्चर होतं. दुसरं आणायला
बेकतुर नावाचा पोरगा गाढवावरून गेला होता.
तीन तास.
दरीकडे पाठ करून मी बिस्किटं खात होते,
जिरगलनेच खांद्याला धरून वळवलं.

तर अकरा झाले.
जूनसाठी चार सुरेख तळी आहेत,
एकात ढगांचं असं प्रतिबिंब
की फोटो उलटा धरला तरी चालेल.
मी कान ठेवला.
उद्या छापखान्यातून फोन येईल,
‘बाई, ही फाईल चुकून आली का?’
त्याचीच एक जादा प्रत सांगितली आहे, मोठी,
आणि पाकिटावर लिहिलंय:
सायकाल, पुलानंतरचं दुसरं घर, निळं दार.
पोस्टातला माणूस काय म्हणेल ते म्हणो.

रात्रीचे दोन. हीटर गप्प झालाय.
मार्च अजून उघडाच आहे.
पुसते.
आणते.