तहान लागल्यावर

गोथेनबर्ग, डिसेंबर. साडेतीनलाच अंधार.
स्टेलाननं बर्फाआधीच फावडं
लॅबच्या दाराशी आणून ठेवलंय.
त्याची भाषाही तशीच:
दिसलं गणित की सोडव,
कुणी मागो, न मागो.

इल्वाची भाषा तहान लागल्यावर विहीर खणते.
सगळ्याच्या सगळ्या मूळ संख्या
तिनं एका ओळीत लिहिल्या
आणि कॉफी प्यायला गेली.
मागितल्या पाच, आल्या पाच.
उरलेल्या अजून जन्मायच्याच, निवांत.

मार्चमध्ये तिची एक साधी बेरीज कोसळली.
दहा लाख ‘मग बघू’
एकमेकांच्या खांद्यावर चढलेले,
मेमरी गच्च.

स्टेलान हसला नाही.
तिच्या ओळीत नेमक्या जागी
एक उद्गारचिन्ह घातलं त्यानं:
हे आत्ताच.

दाराशी त्याचं फावडं.
कोरडं, यंदाही.