कोणतं टोक खाली

पहिल्या वर्षी मी मूळ फळ्यावर काढलं.
मूळ तांबड्या खडूने, पाणी निळ्या.
पुएर्तो सोबरालची चौथीची सतरा मुलं,
ज्यांच्या आया पहाटेच्या सुकतीला
मांडीभर चिखलात उतरून
काळे शिंपले वेचून परतल्या होत्या,
ती मुलं माझ्याकडून शिकत होती
की कांदळाचं मूळ श्वास घेतं.

येर्लिनने हात वर केला.
"प्रोफे, तुम्ही कधी हात लावलाय त्याला?"

नव्हता लावला.
मी किटोत शिकलेली. चांगल्या गुणांनी.

मग दोन्या एउफेमियाला बोलावलं.
ती वर्गात आली नाही, आम्हालाच घेऊन गेली.
डासांसाठी नारळाच्या काथ्याचा धूर, पत्र्याच्या डब्यात,
आणि कमरेला तारेचं एक कडं.
"यातून जो निसटेल तो अजून लहान.
त्याला घरी जाऊ द्यायचं."
मग माझा हात धरून कोपरापर्यंत खुपसला.
"डोळे मीट. बोटांनी बघ.
आणि पेहेसापो मासा असेल तर
तो स्वतःच ओळख करून देईल."

दुसऱ्या वर्षी आम्ही तीनशे शेंगा रोवल्या.
साहेब आले, टोप्या वाटल्या, फोटो निघाले.
रांगा अशा सरळ की भरतीलाही लाज वाटावी.
पुढच्या उधाणानंतर उरल्या अकरा.
निम्म्या उलट्या रोवलेल्या, माझ्याच देखरेखीखाली.
उलटी शेंग लगेच मरत नाही,
बरेच दिवस हिरवी राहते. फसवते.

फळ्यावर वजाबाकी मांडली.
तीनशे वजा अकरा.
हाइरो रडला, त्याची अकरात नव्हती.
एउफेमिया दारातूनच म्हणाली,
"लावायला कुणी सांगितलं होतं?
समुद्राची वाट मोकळी करा. तो लावील."
आणि हनुवटीने दाखवलं पलीकडे,
कोळंबीचं तळं, कंपनी सोडून गेलेलं,
चारी बाजूंनी बांध, आत भेगाळलेलं पांढरं मीठ.

तो बांध माझ्या वडिलांनी घातला.
एवेलिओ, बुलडोझरवाला.
माझ्या फीच्या पावत्या त्याच पगाराच्या.
हे मी वर्गात सांगितलं नव्हतं.
गावात सांगायची गरज नव्हती.

मी बोलावलं, तेव्हा ते आले,
हॅट हातात, बाकावर न मावणारे.
येर्लिनने विचारलं, किती झाडं पाडली?
बराच वेळ हॅटची कड फिरवत राहिले.
"मोजली नाहीत, पोरी.
पैसे तासावर होते."

कुणी काही बोललं नाही.
मग तेच उठले, आम्ही मागे.
बांधावरून चालत, पावलं मोजत,
एका जागी टाच दाबली.
"इथं ओहळ होता.
मीच बुजवला. माती पोकळ असेल अजून."

फावडी, घमेली, शाळेची पाटी, हात.
दोन शनिवार लागले.
तिसऱ्या शनिवारी दुपारच्या भरतीला
पाणी आत आलं, मनगटाएवढं,
मळकट, बिचकत,
बरीच वर्षं न बोललेल्या भावकीसारखं.
वडील काठावरच थांबले. आत उतरले नाहीत.
आजही उतरत नाहीत.

शेंगा आल्या त्या पावसाळ्यात,
पलीकडच्या झाडांवरून सुटून, आडव्या तरंगत.
मग हळूहळू उभ्या झाल्या.
मुलं काठावर पालथी पडून बघत होती.
कोणतं टोक खाली, याचा तास
कुणीच घेतला नाही.

आम्ही मोजायचं सोडलेलं नाही.
काही वाफे अजून बोडकेच आहेत,
आणि दक्षिणेला नव्या तळ्यासाठी
लाल खुंट्या ठोकल्यात कुणीतरी.
मुलांनी त्यांचीही नोंद वहीत केली आहे.

काल मला पेहेसापोने काटा मारला.
उजवा हात सुजून खोबऱ्याच्या वाटीएवढा.
म्हणून आज फळ्यावर डाव्या हाताने मूळ काढलं,
वाकडंतिकडं, मध्येच फाटे फुटलेलं,
रेघ चिखलात कुठे शिरली ते कळेना असं.

येर्लिनने मान तिरकी करून पाहिलं.
"आता जमतंय, प्रोफे."