गणपूर्ती

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
कोपरखैरण्यात, रांजण्यांच्या गिरणीचा पट्टा थांबला
की आमच्या सुधारणा मंडळाची सभा सुरू होते.
म्हणजे, होत नाही.
सभासद अकरा, गणपूर्तीला लागतात सहा,
आणि बाकड्यावर आम्ही चौघं:
पार्टेबाई, कुंजुमोन, हरेश मढवी
आणि मी, चिटणीस.
रांजणेला धरायचं नाही. तो जागा देतो, वर्गणी देत नाही.

मग मी वहीवरचं पीठ फुंकून लिहितो:
‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरेल.
त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.’
नियमच आहे तसा.
ज्याने केला, त्याने आमच्यासारखी मंडळं पाहिली असणार.

हा अर्धा तास वहीत कुठेच नाही.
त्यात कुंजुमोन चप्पल काढून
अंगठ्याचं काळं नख दाखवतो.
चौदा नंबरच्या दारातलं ते उघडं चेंबर
त्याला अंधारात सापडलं होतं.
हरेश सांगतो, ही गिरणी आहे ना,
इथं आमचा बांध होता,
भरतीचं पाणी आजा मुठीनं अडवायचा.
दर महिन्याला सांगतो.
दर महिन्याला बांध थोडा उंच होतो.
पार्टेबाई काही बोलत नाहीत.
मार्केटात तीस वर्षं कांदा निवडलेली बोटं
सांडलेल्या दाण्यांतून खडे वेचत राहतात,
गिऱ्हाईक कोण, ते न विचारता.

नऊ वाजता
तेच चौघं, त्याच बाकड्यावर,
कायदेशीर होतो.

विषय एक: खांब क्रमांक सतरा.
दिवसा लागतो.
विषय दोन: चेंबरचं झाकण.
अर्ज पाचवा. सोबत आधीच्या चार अर्जांच्या प्रती,
आवक शिक्क्यासह.
उत्तर: योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे.
पुढे म्हणजे कुठे, हे विचारणारा अर्ज सहावा.

तेव्हा अध्यक्ष गोळे होते.
त्यांनी परसातली शेवग्याची फांदी तोडली,
चेंबरातल्या गाळात रोवली,
वर बायकोचा लाल ब्लाउजपीस बांधला.
मी लिहिलं, ‘तात्पुरती व्यवस्था’.

माघात गोळे गेले.
आम्ही गिरणीत दोन मिनिटं उभे राहिलो.
पीठ नाकात गेलं, कुंजुमोन शिंकला,
आणि मला वाटतं गोळ्यांना ते चाललं असतं.
फांदी तोवर वाळली होती.
निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

वैशाखात तिला पालवी फुटली.

दिवाळीच्या तोंडावर टेंपो आला,
सिमेंटचं झाकण, दोन माणसं, एक कागद.
माणसं झाडाकडे बघत राहिली.
म्हणाली, तोडायला उद्यान विभागाची परवानगी लागते,
आमच्याकडे फक्त झाकण आहे.
पार्टेबाई म्हणाल्या, ठेवा बाजूला.
त्यांनी ठेवलं.
कागदावर ‘काम पूर्ण’ होतं. मी सही केली.

त्या शनिवारी गिरणीत खुर्च्या कमी पडल्या.
गोळ्यांचा धाकटा आला, वडिलांच्या जागी.
शकीलाबी मुकादम आल्या, जन्मात पहिल्यांदा.
तो म्हणाला, फांदी आमच्या परसातली.
त्या म्हणाल्या, दार माझं, झाडलोट माझी.
शेंगा कोणाच्या, यावर तासभर वाद.
झाडाला अजून फूलही नव्हतं.

रांजणेने दोनदा दिवा बंद करून पाहिला.
मी मोजलं: सहा.
आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं,
‘गणपूर्ती झाली’,
आणि अक्षर जरा थरथरलं.
ठराव कुठलाच झाला नाही.
खांब सतराचा विषय राहूनच गेला.

सगळे गेल्यावर लक्षात आलं,
आज अर्धा तास मिळालाच नाही.
हरेशचा बांध सांगायचा राहिला होता.
पार्टेबाईंनी सूप पुढं ओढलं.
कुंजुमोनने चप्पल काढली.
नख आता नवं आलंय, गुलाबी,
तरी त्याने दाखवलं,
तरी आम्ही वाकून पाहिलं.